सहनशीलतेची स्तुति

एखाद्या माणसाविषयीं "त्यानें कधीं तक्रार म्हणून केली नाहीं" असें म्हटलें, कीं आपण त्याची मोठीच स्तुति केली असें आपणांस वाटतें. मृत्युलेखांत हें वाक्य बहुधा येतें. घरंदाज सुनेचें वर्णन करतांना तें हटकून येतें. आणि निरोपसमारंभांतील भाषण तर त्यावांचून पुरेंच होत नाहीं. गेल्या दोन वर्षांत हें वाक्य माझ्याविषयींही वारंवार बोललें गेलें. तें ऐकून मला प्रथम सुख झालें, पुढें संकोच वाटूं लागला, आणि अखेर त्या स्तुतीची भीति वाटूं लागली. असें कां व्हावें याचा विचार करतां करतां जो प्रश्न माझ्यापुढें उभा राहिला तो असा : दुःख मुकाट्यानें सोसणें हा सद्गुण आहे काय? आणि असल्यास तो कोणाचा?

प्रश्न जुना आहे. पण माझ्यापाशीं तो ग्रंथांतून आला नाहीं, कमरेंतून आला. म्हणून आधीं कमरेची हकीगत सांगणें भाग आहे.

माझें घर साताऱ्यास, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशीं. आणि नोकरी सांगलीच्या एका कॉलेजांत. आठवडाभर सांगलीस शिकवावें आणि शनिवारीं दुपारच्या एस.टी.नें आष्टा, पेठ नाका, कऱ्हाड करीत साताऱ्यास यावें, हा क्रम वीस वर्षें चालला आहे. दोन वर्षांपूर्वीं फेब्रुवारींतल्या एका शनिवारीं साताऱ्याच्या स्थानकावर उतरलों, पायाशीं ठेवलेली पुस्तकांची पिशवी उचलावयास वांकलों, आणि सरळ होतां येईना. कमरेंत कांहींतरी सरकल्यासारखें झालें, आणि पाठोपाठ नितंबापासून मांडीच्या मागून, पोटरीच्या बाहेरच्या अंगानें, थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत तापलेली तार ओढावी तशी कळ गेली. एका रिक्षावाल्यानें काखेंत हात घालून मला घरीं पोंचविलें. त्या रात्रीं मला समजलें कीं शिंकणें हें देखील धैर्याचें कृत्य असूं शकतें.

आयुर्वेदांत या व्याधीस गृध्रसी म्हणतात. रोगी गिधाडासारखा वांकडा होऊन पाय टाकतो म्हणून हें नांव, असें वैद्य सांगतात. नितंबापासून निघून कंबर, पाठ, मांडी, गुडघा, पोटरी आणि पाऊल असा वेदनेचा उतरता प्रवास चरकसंहितेंतील वातव्याधीच्या अध्यायांत क्रमानें वर्णिला आहे. पाश्चात्य वैद्यकांत तिला सायटिका म्हणतात. नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्यो यानें १७६४ सालीं सांध्याच्या दुखण्याहून मज्जातंतूची ही पीडा वेगळी काढून दाखविली. पण त्या मज्जातंतूस डिवचतें कोण, याचा उलगडा व्हावयास १९३४ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार या शस्त्रवैद्यांनीं असें सिद्ध केलें कीं, दोन मणक्यांमधील गादीचा गर कवच फोडून बाहेर येतो आणि पायाकडे निघालेल्या मज्जातंतूच्या मुळास दाबतो. गुन्हा कमरेंत घडतो आणि आरडाओरडा पोटरींत होतो, तो यामुळें.

तीन आठवडे मी साताऱ्यास घरीं होतों. बसणें अशक्य, जेवण उभ्यानें, पायमोजा चढवावयास पत्नीची मदत. भेटीस येणाऱ्यांपुढें मी हंसतमुख राहण्याचा प्रयत्न करी, आणि ते जातांना "सरांची सहनशक्ति दांडगी" असें माझ्या कानांवर पडेल इतक्या मोठ्यानें म्हणत. मला तें आवडे, हें कबूल केलें पाहिजे. मी गेलीं पंचवीस वर्षें तत्त्वज्ञान शिकवितों, आणि स्टोइक पंथाचा एपिक्टेटस हा माझा आवडता विषय आहे. तो जन्मानें गुलाम होता आणि पायानें लंगडा होता. त्याची एक आख्यायिका मी दरवर्षीं वर्गांत सांगतों. त्याचा धनी एकदां त्याचा पाय पिरगळूं लागला, तेव्हां तो शांतपणें म्हणाला, "असा पिरगळलास तर मोडेल." आणि मोडल्यावर म्हणाला, "मोडेल म्हणून सांगितलें नव्हतें का?" वर्ग हंसतो, मग गंभीर होतो, आणि मलाही आपण कांहीं उदात्त शिकविलें असें वाटतें. अंथरुणावर पडल्या पडल्या मी स्वतःला त्या लंगड्या गुलामाच्या पंक्तीस बसविलें होतें.

आमच्या मुलखाची हवाही या विचाराला अनुकूल अशीच आहे. समोर सज्जनगड आहे. समर्थांची बलोपासना आम्हीं पाळण्यांतच ऐकलेली असते. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि (१८६८–१९५१) यांनीं तर सूर्यनमस्कारांचा अखंड प्रचार केला, आपल्या शाळांतून मुलांकडून ते घालून घेतले, आणि स्वतः नित्य नेमानें घातले. त्यांचें संस्थान तुकड्यातुकड्यांनीं पसरलेलें होतें : औंध आजच्या सातारा जिल्ह्यांत, तर कुंडल व आटपाडी आजच्या सांगली जिल्ह्यांत. त्यामुळें या दोन्ही जिल्ह्यांतल्या जुन्या घरांत नमस्कार हा व्यायाम न राहतां कुळाचार झाला. आमच्या आजोबांनीं तो पाळला. त्या शिकवणुकींत दोष नव्हता; शरीर कमवावें ही गोष्ट चांगलीच आहे. पण आम्हीं नातवंडांनीं तिच्यांतून एक उलटा सिद्धान्त काढला : ज्याचें शरीर दुखतें त्यानें तें कमविलें नसलें पाहिजे, आणि जो दुखतें म्हणून सांगतो त्यानें मनही कमविलें नसलें पाहिजे. दुखणें ही कसूर, आणि बोलणें ही दुसरी कसूर.

चौथ्या आठवड्यांत मी सांगलीस परतलों. सांगलीला लागूनच मिरज आहे. डॉ. विल्यम वानलेस यांनीं १८९४ सालीं तेथें मिशनचें रुग्णालय उभारल्यापासून दूरदूरचे रोगी त्या गांवाची वाट धरतात. तशी मीही धरली. डॉक्टरांनीं मला उताणें निजवून सरळ पाय वर उचलून पाहिला, पायाच्या अंगठ्याचा जोर अजमावला, आणि पहिलाच प्रश्न केला, "पडून किती दिवस राहिलांत?" मीं अभिमानानें तीन आठवडे सांगितले. "तेवढें चुकलें," ते म्हणाले.

मग त्यांनीं जें समजाविलें तें थोडक्यांत असें. एके काळीं या दुखण्यास फळीवर निजून राहणें हाच उपाय समजत. १९८६ सालीं अमेरिकेंत कंबरदुखीच्या रोग्यांचे दोन गट करून पाहिले, तेव्हां सात दिवस पडून राहणाऱ्यांना दोन दिवस पडून राहणाऱ्यांहून अधिक गुण आला नाहीं. कामावरची रजा मात्र अधिक लागली. १९९९ सालीं नेदरलंडमध्यें खास सायटिकाच्या रोग्यांवर तसाच प्रयोग झाला. तेथेंही अंथरुणाचा पराभव झाला. गर बहुधा हळूहळू जिरतो, बहुतेकांचें दुखणें कांहीं आठवड्यांत किंवा महिन्यांत उतरतें, आणि तोंवर बेतानें हिंडतें-फिरतें राहावें हें उत्तम. लघवी तुंबणें, जांघेंत बधिरता येणें, पाऊल लुळें पडणें, हीं लक्षणें दिसलीं तर मात्र एक घटकाही न दवडतां रुग्णालय गांठावें. तेथें सोसणें म्हणजे आत्मघात. शस्त्रक्रियेविषयीं मीं विचारलें. ते म्हणाले, "नेदरलंडमध्येंच २८३ रोग्यांवर याचाही प्रयोग झाला, त्याचा निष्कर्ष २००७ सालीं प्रसिद्ध झाला. लौकर कापलें तर आराम लौकर पडतो. पण वर्षाच्या अखेरीस दोन्ही गट सारखेच. तुम्हांला थांबतां येण्यासारखें आहे ना? मग थांबा. आणि रोज सकाळीं चाला. दुखूं लागलें कीं थांबा, पुन्हां चाला."

एकाच उपदेशांत "थांबा" हा शब्द त्यांनीं दोन अर्थांनीं वापरला, हें माझ्या लक्षांत पुढें आलें.

त्याप्रमाणें मी रोज सकाळीं आमच्या वसाहतीच्या मागच्या शिवारांतून फिरूं लागलों. मार्च महिना होता. ऊंस तुटत होता. बीडकडून आलेल्या तोडकऱ्यांच्या झोपड्या बांधाला पडल्या होत्या. नवरा-बायकोच्या जोडीस तेथें एक "कोयता" म्हणतात. मुकादमाकडून हंगामापूर्वीं घेतलेली उचल त्या जोडीनें मिळून फेडावयाची असते. एके सकाळीं मी धापा टाकीत बांधावर उभा होतों, आणि समोर एक बाई डोक्यावर उंसाची मोळी घेऊन ट्रकला टेकविलेल्या फळीवरून चढत होती. मोळी तीस-चाळीस किलोंची तरी असेल. ती एका पायावर भार देई आणि दुसरा पाय मागून ओढून घेई. कंबर एका बाजूस कललेली. ती चाल मीं तत्काळ ओळखली. महिनाभर मी तीच चालत होतों.

मोळी टाकून ती खालीं उतरली तेव्हां मीं विचारलें, "कंबर धरली का, ताई? पायांत कळ जाते?"

तिनें माझ्याकडे, आणि माझ्या हातांतल्या काठीकडे पाहिलें. "जाती की, दादा. दिवाळीपासनं. तुमची बी तसलीच दिसतीया."

"दवाखान्यांत दाखवलंस?"

"गेलं तर खाडा पडतोय. माझा एकटीचा न्हाई, दोघांचा. कोयता म्हंजी दोघं." आणि पुढच्या मोळीकडे वळतां वळतां ती म्हणाली, "तुम्ही बसा दादा जरा, लई उभं ऱ्हाऊ नगा."

मी बसलों. माझ्याच्यानें उभें राहवेना, म्हणून नव्हे.

त्या दिवशीं एका स्नेह्यांना मीं ही हकीगत सांगितली. ते बागाईतदार आहेत, वाचणारे आहेत, मनानें दुष्ट नाहींत. ते म्हणाले, "पण तुमचे डॉक्टरच म्हणतात ना, पडून राहूं नये, हालचाल करावी? मग तिला तर औषध रोजच मिळतें आहे!" विनोद म्हणून ते बोलले, पण त्या विनोदांत एक युक्तिवाद आहे, आणि सुशिक्षित माणसें तो मनांतल्या मनांत पुष्कळदां करतात. गरिबाला कष्टाची संवय असते; त्याचें दुखणें आपल्यासारखें नसतें; काम हेंच त्याचें औषध. या युक्तिवादाला उत्तर दिलें पाहिजे, नाहींतर वैद्यकाचें नवें ज्ञान हें जुन्या निष्ठुरपणाचेंच नवें समर्थन होऊन बसेल.

उत्तर माझ्या मतें डॉक्टरांच्या त्या दुहेरी "थांबा"मध्यें आहे. मला सांगितलेली हालचाल आणि तिच्याकडून घेतली जाणारी हालचाल, या दिसण्यांत सारख्या असल्या तरी जातीनें भिन्न आहेत. माझ्या चालण्याचें माप माझें दुखणें ठरवितें : कळ आली कीं मी उभा राहतों, ओसरली कीं निघतों. तिच्या चालण्याचें माप ट्रक ठरवितो, मुकादम ठरवितो, घेतलेली उचल ठरविते. जें औषध आहे तें चालण्यांत नाहीं. चालतां चालतां थांबण्याची जी मुभा आहे तिच्यांत आहे. तीच गोष्ट दुसऱ्या थांबण्याची. वर्षभरानें दोन्ही गट सारखे होतात, हें खरें. पण तें वर्ष काढावयाचें कोणीं? ज्याची रजा पगारी आहे त्यानें. तेव्हां रोग एक, शास्त्र एक, आणि तरीही त्या शास्त्राचा अर्थ माझ्या बाबतींत एक आणि तिच्या बाबतींत निराळाच होतो.

हें लक्षांत आल्यावर माझ्या सहनशीलतेचा हिशेब मीं नव्यानें मांडला. प्राचार्यांनीं माझे सारे तास तळमजल्यावर आणले होते. उभ्यानें वाचतां यावें म्हणून एक उंच मेज मिळालें होतें. दोन तास एका सहकाऱ्यानें आपण होऊन घेतले होते. विद्यार्थी पिशवी उचलीत. मी कण्हलों असतों तर दहा माणसें धांवलीं असतीं. मी कण्हत नव्हतों याचेंच तर सर्वांना कौतुक होतें. ज्याचा शब्द ऐकला जातो त्याच्याच मौनाला किंमत येते. त्या बाईच्या मौनाची कोणी स्तुति करीत नव्हतें, कारण तिनें बोलावें अशी कोणाची अपेक्षाच नव्हती.

आणि येथें एपिक्टेटसकडे पुन्हां वळावें लागतें. त्याचें तत्त्वज्ञान पुढें मार्कस ऑरेलियस या रोमच्या सम्राटानें आपलेंसें केलें, ही गोष्ट मी वर्गांत मोठ्या अभिमानानें सांगत असें : पहा, गुलाम आणि सम्राट एकाच विचारानें जगले! आतां मला वाटतें, विचार एक असला तरी त्याचा अर्थ एक नव्हता. गुलामापाशीं दुसरें कांहींच उरलें नव्हतें, म्हणून त्यानें मन तेवढें राखलें. तें त्याचें शौर्य होतें, आणि त्याला माझा नमस्कार आहे. पण त्या गोष्टींत पाय पिरगळणारा एक धनी होता, हें आम्ही शिक्षक विसरतों. पिरगळल्या पायाचा माणूस शांत राहिला हें आम्ही फळ्यावर लिहितों, आणि पिरगळणाऱ्याचा हात कोणीं धरावयास हवा होता हा प्रश्न परीक्षेंत कधीं विचारीत नाहीं. जो स्वतः सोसतो त्यानें सहनशीलतेचा पुरस्कार करावा. दुसऱ्यानें केला कीं ती स्तुति न राहतां हुकूम होतो.

वेदनेच्या बाबतींत तर हा हुकूम विशेष घातक आहे, कारण वेदनेला बोलण्यावांचून दुसरा साक्षीदार नसतो. ताप मोजतां येतो, जखम दिसते. वेदना दिसत नाहीं. एम.आर.आय.च्या चित्रांत ती दिसेल असें आपणांस वाटतें. पण १९९४ सालीं अमेरिकेंत ज्यांची कंबर मुळींच दुखत नव्हती अशा ९८ माणसांचीं चित्रें काढलीं, तेव्हां अवघ्या ३६ टक्क्यांच्या गाद्या सर्वत्र ठीकठाक निघाल्या. म्हणजे चित्रांत बिघाड असून माणूस सुखी असूं शकतो, आणि चित्र पाहून त्याचें दुःख सांगतां येत नाहीं. मग राहिला फक्त त्याचा शब्द. तो शब्द उच्चारणें हलकेपणाचें आहे असें ज्याला लहानपणापासून शिकविलें, त्याच्या हातून आपण एकमेव पुरावा काढून घेतला. आणि मग पुरावा नाहीं म्हणून दुःखही नाहीं असा निकाल दिला.

हें सर्व मनांत घोळवीत मी त्या शनिवारीं साताऱ्यास घरीं आलों. माझी आई सहा वर्षें अंथरुणास खिळलेली आहे. तिला उठवून बसविणें, कूस बदलणें, न्हाऊं घालणें, हें सारें माझी पत्नी करते. मी ओसरीवर उभा होतों. तिनें आईला पांघरूण घातलें, आणि खाटेचा खूर धरून, एक पाय मागें लांबवून, दातांवर दांत दाबून ती सरळ झाली. तिच्या चेहऱ्यावर कांहींच नव्हतें. तसें उठतांना मीं तिला शेंकडों वेळां पाहिलें असेल. पण त्या दिवशीं पहिल्यानें पाहिलें.

"तुझी कंबर कधींपासून दुखते?" मीं विचारलें.

"अहो, तें चालायचंच," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानें : "चार वर्षं झालीं असतील. तुम्हांला एकदां म्हटलं होतं मी."

मला आठवेना. पुष्कळ आठवूं पाहिलें तेव्हां आठवलें तें इतकेंच कीं, तिच्या माहेरच्या एका लग्नांत चारचौघांपुढें मीं मोठ्या प्रेमानें म्हटलें होतें, "आमच्या हिनें इतकीं वर्षें आईचं केलं, पण तक्रार म्हणून कधीं केली नाहीं." सर्वांनीं मान डोलावली होती. तीही हंसली होती. त्या वाक्यानंतर तिनें तक्रार कशी करावी? मीं तिची स्तुति केली नव्हती; मीं तिचें तोंड बंद केलें होतें, आणि तेंही फुलें वाहून. शेतांतल्या त्या बाईला थांबूं न देणारा मुकादम मला दिसला होता. घरांतला मुकादम दिसावयास स्वतःची कंबर मोडावी लागली.

कोणी म्हणेल, असें सर्वांनीं बोलूं लागावयाचें ठरविलें तर समाज कण्हणाऱ्यांचा होईल. कर्तव्यें मग कोण करणार? आक्षेप खोटा नाहीं. आईला कोणी तरी उठवावें लागतेंच, आणि ऊंस कोणी तरी तोडावा लागतोच. सहनशीलतेवांचून संसारही चालत नाहीं आणि विद्याही येत नाहीं. मी तिची निंदा करीत नाहीं. माझें म्हणणें एवढेंच कीं, ओझें वांटून घेण्याचा त्रास चुकावा म्हणून ज्या सहनशीलतेची आपण आरती ओंवाळतों, ती सहनशीलता त्या माणसाची नसून आपली सोय असते. एखाद्याच्या सोसण्याची स्तुति करण्याचा अधिकार त्यालाच आहे, ज्यानें आधीं विचारलें : तुला थांबतां येईल काय? आणि उत्तर "नाहीं" आलें, तर आपला हात पुढें केला.

आमच्या घरीं आतां सकाळ-संध्याकाळ आईला उठवावयास एक मावशी येतात. त्यांचीही कंबर आहे हें ध्यानांत ठेवून खाट उंच करून घेतली आहे, आणि आठवड्यांतून एक दिवस त्यांना पगारी सुटी आहे. शनिवारीं-रविवारीं आईची कूस मी बदलतों. कसें वांकावें तें मिरजेच्या डॉक्टरांनीं शिकविलें आहे. पत्नीचा एक्स-रे झाला, औषध झालें, व्यायाम चालू आहेत. दुखणें पुष्कळ उतरलें आहे, सगळें नव्हे. पूर्वीं ती "कांहीं नाहीं" म्हणे. आतां कधीं कधीं "आज दुखतंय" म्हणते. तें ऐकावयास मला अजून जड जातें. पण ती बोलते.

त्या तोडकरी बाईचें मीं काय केलें, असें वाचक विचारतील. मीं तिला मिरजेचा पत्ता लिहून दिला, आणि गाडीभाड्यास कांहीं पैसे दिले. तिनें कागद कनवटीस खोंचला. आठ दिवसांनीं त्या शिवारांतला ऊंस संपला, झोपड्या उठल्या, आणि ती कोणत्या गांवच्या फडावर गेली तें मला कळलें नाहीं. गेली असेल तेथें तिला कोणी तरी एक दिवस, खाडा न मांडतां, थांबूं दिलें असेल काय, हा विचार बांधावरून चालतांना अजून येतो. आणि मग मी उगाच, पाय दुखत नसतांही, क्षणभर थांबतों.